घरीच असते म्हणे!

"ती काही करत नाही, घरीच असते. विड्या वळते." सोलापूरच्या पूर्व भागात हे दिवसातून दहादा ऐकू येतं. काही करत नाही आणि विड्या वळते, दोन्ही एकाच दमात! बोलणाऱ्याला काही वाटतही नाही.

हिशेब करू या की मग. हात बसलेली बाई आठ तासांत हजार वळते असं धरा. एका विडीला २९ सेकंद. तेवढ्यात पत्र्याचं माप ठेवून तेंदूचं पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, सूत गुंडाळायचं, तोंड दुमडायचं. आदल्या रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळली, ती वेळ कुणीच धरत नाही. मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला की पान सुपातच वाळतं आणि वळताना चिरतं. पावसाळ्यात त्याच पानाला बुरशी.

आणि खरी लबाडी तराजूत आहे. कारखानदार पान-तंबाखू देताना वजनावर, विड्या घेताना नगावर! ओलं पान जड भरतं. भोकाचं, फाटकं, जाड शिरांचं पानही काट्यावर पुरेपूर भरतं, पण मधली शीर टाळून कातरायला गेलं की हातात चिंधी उरते. पान कमी पडलं की उत्तर ठरलेलं: "तुम्हीच वाया घालवलं." मग बाईने पदरचे पैसे घालून पान आणायचं आणि विडी मात्र मालकाची. असला धंदा पुरुषांच्या कुठल्या कामात चालतो, दाखवा बरं. गवंडी कधी घरून सिमेंट नेतो?

वर छाट, म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या. पंचवीस विड्यांची जुडी, एक कट्टा, बाजूला टाकला म्हणजे तिची बारा मिनिटं गेली. चार कट्टे टाकले की पाऊण तास फुकट. छाटलेल्या विड्या बऱ्याच ठिकाणी परत हातात देत नाहीत, मजुरीही नाही. मग त्या जातात कुठे? हे विचारलं की उद्यापासून हिला खराब पान.

१९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी माल नेऊन वळणारीलाही कामगारच म्हटलं होतं. सोलापूरजवळच्या कुंभारीत २००६ साली महिला विडी कामगारांच्या संस्थेची १० हजार घरं उभी राहिली, तेव्हा मंत्री-संत्री सगळ्यांना या कामगार म्हणून दिसल्या. पण पोराच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय काय लिहिता? गृहिणी. लिहिणारा नवराच असतो बहुतेक वेळा. २०१७ मध्ये जीएसटी आला, विडीवरचा उपकर गेला, आणि दवाखाना-शिष्यवृत्तीचा कल्याण निधी ज्यावर चालायचा तो झराच आटला. त्याबद्दल किती जण बोलले?

पीएफची तर वेगळीच तऱ्हा. कारखान्याच्या कागदावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यात तेलुगू आडनावाचं स्पेलिंग प्रत्येकाने आपापल्या मनाने लिहिलेलं, जन्मतारीख अंदाजे १ जून. एक अक्षर चुकलं तरी क्लेम परत. दुरुस्तीच्या अर्जावर बऱ्याचदा मालकाचा सही-शिक्का मागतात, आणि कारखाना बंद पडलेला असला तर शिक्का कुणाचा आणायचा? अंगठा लावायला म्हटलं तर पान, सूत, कात्रीने बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या.

८ मार्चला याच बायकांना मंडपात बसवून साडी देतात, भाषणात 'नारीशक्ती' म्हणतात. साडी नको. ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या माल देण्या-घेण्याच्या केंद्रात, बाईसमोर, कोरड्या पानाचं वजन करा. तिच्या कार्डावर तारीख, पानाचं वजन, तंबाखूचं वजन, घेतलेल्या विड्या, छाट, सगळं त्याच वेळी लिहा. खराब पान तिथल्या तिथे बदलून द्या. छाटलेला कट्टा तिच्यासमोर मोडा.

आणि घरच्यांनो, तिचं सूप खाली ठेवायच्या आधी चहा मागू नका.