दहा फूट दोरी

शाळेच्या स्काउट पथकाचं उन्हाळी शिबिर यंदा तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याच्या तलावाजवळच्या एका शेतात होतं. आमच्या घरापासून बारा किलोमीटर. हे अंतर आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना आम्ही नर्मदा परिक्रमेला निघालो होतो असा तुमचा समज व्हायचा.

पोरं सोमवारी जाणार होती. शेवटच्या शनिवार-रविवारी पालकांनी सहकुटुंब मुक्कामाला यायचं, आपला तंबू आपण ठोकायचा, पोरं काय शिकली ते बघायचं आणि रात्री सगळ्यांनी शेकोटीला बसायचं, असा बेत. मे महिन्यात. सोलापुरात. पारा 42 च्या खाली उतरायचं नाव घेत नाही आणि आम्ही शेकोटीला बसणार. पालकसभेत एकानं हे बोलूनही दाखवलं. स्काउटचे सर शांतपणे म्हणाले, "शेकोटी शेकायला नसते, गाणी म्हणायला असते." एका आईनं चार्जिंगच्या सोयीचं विचारलं. सर म्हणाले, "चार बाभळी आहेत. कुठल्या झाडाला पिन लागते बघा." त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

निघताना प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद आला. माणशी एकच पिशवी. तीत ताट, वाटी, पेला, एक चादर, टॉर्च, टोपी, पाण्याची बाटली. कुटुंबामागे दहा फूट दोरी. दोरीखाली पेनानं दोनदा रेघ मारलेली. त्याखाली ठळक अक्षरात 'खाद्यपदार्थ आणू नयेत' आणि अगदी तळाशी स्काउटचं ब्रीद, एकाच शब्दाचं : तयार.

आता हा शब्द आमच्या घराण्यात कोणी खरेपणानं वापरलेला नाही. आमच्याकडे दारात रिक्षा येऊन हॉर्न वाजवते तेव्हा कोणीतरी टॉवेल घेऊन आंघोळीला शिरत असतं.

चिरंजीवांचं मात्र तसं नाही. वय वर्षं बारा, स्काउटचा द्वितीय सोपान चालू. रविवारी रात्री त्यानं वीस मिनिटांत हॅवरसॅक भरली. कपड्यांच्या सुरळ्या केल्या, मोज्यात साबण खुपसला, ताटावर वाटी पालथी घातली आणि पट्टा आवळला. हिला ते बघवेना. "अरे, एवढंच?"

"आई, पाठीला पेलतं तेवढंच न्यायचं असतं."

वाक्य पोराचं होतं, हिनं रोखून बघितलं माझ्याकडे. मागच्या वर्षी गोव्याला मी इस्त्री नेली होती, ते अजून निघतं.

मग त्यानं मला गाठ शिकवायला घेतली. पालकांना निदान रीफ नॉट तरी यावी अशी सरांची अपेक्षा होती. दोरी अजून यायची होती, म्हणून परकराचा नवा नाडा घेतला. "डावं टोक उजव्यावरून, मग उजवं टोक डाव्यावरून. बास." मी मारली. पोरानं ती दिव्याखाली धरली आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तशी मान हलवली. बरोबर गाठीत म्हणे दोन्ही टोकं आपापल्या दोरीला लगटून झोपतात. माझी टोकं आडवी फाकली होती, बैलाच्या शिंगांसारखी.

"पप्पा, दोन्ही वेळा डावंच वरून घेतलंत. ही ग्रॅनी नॉट झाली."

"म्हणजे?"

"आजीची गाठ. चुकीची असते. एक तर ऐनवेळी निसटते, नाहीतर अशी आवळते की सुटतच नाही."

आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. "आजीची म्हंजे कुणाच्या आजीची?"

पोरानं समजावून सांगितलं. इंग्रजीत तसं नाव आहे, तुला नाही म्हणत आज्जी, वगैरे. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या त्या सायबाला सांग, आमच्याकडं गाठी दोनच. सुरगाठ आन् निरगाठ. एक सुटायसाठी, एक न सुटायसाठी. ह्यातलं कायबी धड न करणारी गाठ असंल, तर ती बापाची असंल."

त्या रात्री मी त्या नाड्यावर आणखी आठ गाठी मारल्या. आठही आजीच्या.

तसे हे साहेब, म्हणजे स्काउट सुरू करणारे बेडन-पॉवेल, लष्करातले. आफ्रिकेत माफेकिंगला 217 दिवस वेढ्यात तग धरून राहिले. पुढं 1907 साली ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेऊन त्यांनी पहिलं शिबिर भरवलं. त्या मुलांबरोबर आया, आज्या आणि धाकट्या बहिणी गेल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. शिबिर पार पडलं ते त्यामुळंच असणार.

सोमवारी पोरगा गेला. आमच्या हातात पाच दिवस होते.

मंगळवारी दोरी आणायला मंगळवार पेठेत गेलो. दुकानदार माझ्याशी मराठीत, पोऱ्याशी कन्नडमध्ये आणि फोनवर तेलुगूत, असा एकाच दमात तीन ठिकाणी धंदा करत होता.

"कशाला पायजे? म्हशीला का झोक्याला?"

"शिबिराला."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किती माणसं बांधायचीत?"

दहा फूट म्हटल्यावर तो नाराज झाला. दहा फुटात काय होतंय, पंचवीस घ्या, उरली तर कपडे वाळत घालाल. घेतली पंचवीस. सुती, पांढरीशुभ्र, करंगळीएवढी जाड. घरी आणून दाराच्या खुंटीला टांगली, म्हणजे विसरायला नको.

बुधवारी चादरीचा विषय निघाला. आता 'एक चादर' असं सोलापूरच्या माणसाला लिहून देणं म्हणजे कोकणातल्या माणसाला 'एक नारळ आणा' म्हणण्यापैकी आहे. त्यात मी चाटी गल्लीत कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितो. आमच्या कपाटात एकोणीस चादरी आहेत आणि आम्ही पांघरतो ती विसावी. ती इतकी धुतलीय की तिच्यावरचा मोर आता कोंबडी दिसतो. बाकीच्या एकोणीस प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेल्या. लग्नात, वास्तुशांतीला, बदली झाली म्हणून, बदली रद्द झाली म्हणून आलेल्या. त्या वापरायच्या नसतात. त्या पुढं द्यायच्या असतात. चादर कारखान्यातून निघाली की पाच-सहा घरं फिरते, घडी काही मोडत नाही, आणि एखादी फिरत फिरत पुन्हा मूळ घरी येते. हिला आलेल्या एका चादरीच्या पिशवीत आमच्याच नावाची चिठ्ठी निघाली होती.

"ही लाल घेऊ?"

"ती नको, ती चुलतसासूबाईंच्या नातवाच्या बारशाला आहे."

"निळी?"

"निळी कुणी दिली ते आठवत नाही. आठवेपर्यंत हलवायची नाही. त्यांनाच परत गेली म्हणजे?"

तासाभरानं चार चादरी शिबिराला पात्र ठरल्या. मग जमीन टोचेल म्हणून खाली अंथरायला चार. रात्री माळावर गार वारं सुटतं म्हणून आईला एक जादा. आणि मोराची कोंबडी, कारण धाकटीला तिच्याशिवाय झोप येत नाही. एकूण दहा. चादरींची खोळ बांधून झाल्यावर मी तिच्यावर बसून बघितलं. पाय जमिनीला टेकत नव्हते.

स्वयंपाकघरात तोवर आईनं आघाडी उघडली होती. 'खाद्यपदार्थ आणू नयेत' ही ओळ मी तिला दोनदा वाचून दाखवली. "खाद्यपदार्थ म्हंजे ते पाकिटातलं कुरकुरीत," ती म्हणाली, "भाकरीला कोण खाद्यपदार्थ म्हणतंय?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. चाळीस कडक भाकऱ्या झाल्या. पातळ थापायची, तव्यावर शेकायची, मग मंद आचेवर कडेला उभी करून वाळवायची. पापडासारखी मोडते आणि पंधरा दिवस टिकते. आम्ही जाणार दोन दिवस. शेंगाचटणी उखळात. मिक्सरवर आईचा विश्वास नाही. मिक्सरात भुगा होतो, चटणी होत नाही, असं तिचं म्हणणं, आणि तिखट-लसूण घातलेल्या शेंगांना उखळात तेल सुटायला लागलं की ते पटतंही. उन्हात तापलेल्या घरात तो वास सुटला तेव्हा शिबिर रद्द झालं तरी चालेल असं मला वाटून गेलं.

हे सगळं चालू असताना कॅलेंडरवर लाल गोल दिसला. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये तीन-चार दिवस जातात. त्यामुळं हिच्या कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीपेक्षा पाण्याचा दिवस मोठा. तो शनिवारीच येत होता. हिनं एका क्षणात निर्णय दिला : "मी येत नाही." बारा किलोमीटरवर पोटचा पोरगा एकीकडे, पाणी एकीकडे. सोलापुरात राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. शेवटी शेजारच्या अण्णांना किल्ली द्यायचं ठरलं. मोटार कधी लावायची, हंडे कुठले भरायचे, हे हिनं त्यांना शिकवलं. मी एकच गोष्ट सांगितली : गच्चीवरच्या टाकीतला बॉल अडकतो, झाकण उघडून हातानं हलवायचा, तरच पाणी पडतं. अण्णा म्हणाले, "पाणी भराया मला शिकवतोस व्हय बे?"

राहिला तंबू. तो मेहुण्याकडून आणला. पिशवीवर 'सहा माणसांसाठी' लिहिलं होतं. सहा माणसं राहण्यासाठी की उभारण्यासाठी, हे लिहिलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी म्हटलं, गच्चीवर एकदा तालीम करून बघू. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत हे तिथं गेल्यावर लक्षात आलं. मग एक कोपरा डिशच्या खांबाला बांधला, दुसरा कपड्यांच्या तारेला, तिसरा धाकटीच्या हातात दिला. चौथ्या कोपऱ्याला तंबूची दोरी पुरेना. खुंटीवरची नवी दोरी आणली, टाकीवरून आडवी-उभी फिरवली आणि गाठ मारली. डावं उजव्यावरून, मग... जे काय असेल ते.

शेजारच्या गच्चीवर अण्णा गार वाऱ्याला उभे होते. "काय करायलास बे?"

"तंबू ठोकायलोय."

"का? घर इकलास काय?"

मी उत्तर देणार तोच पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. वळीव. सोलापूरचा वळीव आधी कळवत वगैरे नाही. तंबूत वारं भरलं आणि सहा माणसांचा तो तंबू खरोखर सहा माणसांच्या ताकदीनं ओढायला लागला. तार तुटली. डिश वळली, ती बहुतेक बांगलादेशाकडे. धाकटी हातातला कोपरा सोडेना. ती चार पावलं हवेत जाते की काय, असं वाटून मी तिला धरलं, तिनं तंबूला धरलं. मग टपोरे थेंब, दहा मिनिटं, आणि सगळं शांत. चिखलाच्या ठिपक्यांनी भरलेला तंबू टाकीला लोंबकळत होता. तिनांतली एकच गाठ टिकली होती. माझी.

मला अभिमान वाटला हे कबूल करतो. हिला वर बोलावून दाखवलीसुद्धा.

तंबू दुसऱ्या टोकाकडून सोडवला. टाकीवरची गाठ मात्र निघेना. सुती दोरी भिजून फुगली होती. नखानं बघितलं, दातानं बघितलं, स्क्रू ड्रायव्हर घालून बघितला. अंधार पडला. म्हटलं वाळली की सैल होईल, सकाळी काढू.

शनिवारी आठला निघायचं ते अकराला निघालो. गाडीच्या डिकीत गॅसची टाकी, त्यामुळं सामान मागच्या सीटवर, सामानावर ही, हिच्यावर धाकटी. पुढच्या सीटवर आई, मांडीवर कडक भाकरीचा डबा, मला ताकीद : "गतिरोधकावर हळू. एकबी भाकर मोडता कामा नये." कागदावर पिशव्या चार होत्या. आमच्या चौदा झाल्या होत्या. तुळजापूर नाका ओलांडेपर्यंत मी आरशात काही बघू शकलो नाही, पुढंही नाही. नुसती चादर दिसत होती.

शेताच्या तोंडाशी चिरंजीव उभे. पाच दिवसांत उन्हानं काळा झालेला, गळ्यात स्कार्फ, ताठ. त्यानं डावा हात पुढं केला. स्काउट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. मी उजवा पुढं केला, मग डावा, तोवर त्यानं उजवा केला. शेवटी त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली.

गाडीतून एकेक पिशवी उतरत गेली तसे त्याचे दोन दोस्तही येऊन उभे राहिले. कोणी हसलं नाही, शिस्तीची पोरं. त्यानं खिशातून तो छापील कागद काढला.

"ताटं?"

"आहेत."

"टॉर्च?"

"तीन आहेत," ही म्हणाली. "सेलसकट."

"चादर?"

यावर आम्ही कोणी बोललो नाही. त्यानं खोळ बघितली आणि खूण केली.

"दोरी?"

मी दाराची खुंटी आठवली. मोकळी. मग गच्ची आठवली.

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांचा. गडबडीत स्पीकर लागला आणि अण्णांचा आवाज अख्ख्या शेताला ऐकू गेला. "टाकीवर काय बांधून ठेवलास बे? मोटार चालू हाय, पाणी पडंना, झाकण उघडंना! अर्धा घंटा झाला झगडायलोय. कसली गाठ मारलास ही?"

पोरानं कागदाची घडी केली आणि माझ्याकडं बघितलं.

आई अजून गाडीतच होती. डब्यावर दोन्ही हात ठेवून ती काचेतून डोकावली. "सांग त्याला," ती म्हणाली, "आजीची नव्हे म्हणावं."