हप्ते चालू असले तरी ग्राहक तुम्हीच

दसरा-दिवाळीच्या खरेदीला राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला गेलं की टीव्ही, फ्रिज, मोबाइलच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "रोख की ईएमआय?" त्यातच कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तू फायनान्स कंपनीची, म्हणून ग्राहक आयोगात तुमची तक्रार चालत नाही. वस्तू खराब निघाली तर हप्ता बंद करा, कंपनीच दुकानदाराला धरेल. एकदा ओटीपी दिला की कर्ज रद्द होत नाही. आणि 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणून दिल्या जाणाऱ्या ईएमआयला एक रुपयाही जादा लागत नाही.

चारही गोष्टी चूक आहेत. दुसरी तर लोकांना खड्ड्यात घालणारी आहे.

"तक्रार चालत नाही"

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 2(7) वाचा. पैसे पूर्ण दिलेला, थोडे देऊन बाकीचे देण्याचं कबूल केलेला आणि हप्त्यांनी फेडणारा, हे सगळे त्यात ग्राहक आहेत. बिल तुमच्या नावावर फाटतं. फायनान्स कंपनीचा वस्तूवर फार तर तारणाचा बोजा असतो. दुचाकीच्या आरसीवर बोजाची नोंद असते, तरी मालक म्हणून नाव तुमचंच असतं ना, तसंच हे.

तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठीही बंगळूर किंवा दिल्ली गाठायला नको, कोल्हापूरचा आयोग चालतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे भागलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून दावा दाखल होतो.

"हप्ता बंद करा"

हे कृपा करून करू नका. खरेदी हा तुमचा आणि दुकानदाराचा करार, कर्ज हा तुमचा आणि फायनान्स कंपनीचा. कंपनीने दुकानदाराला पैसे केव्हाच दिलेले असतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला म्हणून कर्ज थांबत नाही. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला की बँक वेगळा दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा, आणि थकबाकीची नोंद कर्जफेडीचा हिशोब ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांकडे जाते. खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखा फौजदारी खटलाही होऊ शकतो.

हप्ता भरत राहा आणि भांडा. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक भेटीची जॉबशीट मागून घ्या. तिच्यावर सीरियल नंबर, तारीख आणि तुमच्याच शब्दांतली तक्रार हवी. नुसतं 'चेक केले, ओके' लिहिलेल्या कागदावर सही करू नका. दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांना लेखी कळवा, फायनान्स कंपनीला प्रत द्या. आयोगात जाताना तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा आणि निकालापर्यंत वसुली थांबवण्यासाठी कलम 38(8) खाली अंतरिम आदेश मागा. हप्ता थांबवायचा तर असा, आयोगाच्या आदेशाने.

ऑनलाइन वस्तू परत केली तरी कर्ज आपोआप बंद झालं असं धरून चालू नका. 'कर्ज रद्द' असं लेखी येईपर्यंत हप्त्यापुरते पैसे खात्यात ठेवा.

"ओटीपी दिला की संपलं"

ॲपवरून किंवा ऑनलाइन घेतलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार फेरविचाराची मुदत असते, किमान 1 दिवस. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते. यात रद्द होतं ते कर्ज. वस्तू परत घ्यायची की नाही, हे दुकानदाराशी वेगळं ठरवावं लागतं.

खरं लक्ष ओटीपीच्या आधी हवं. 1 ऑक्टोबर 2024 पासून मुदतीच्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, देणं बंधनकारक आहे, तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. मराठीत मागा. त्यातली कर्जाची रक्कम बिलाशी ताडून बघा. बिल 42,000, डाऊन पेमेंट 7,000, तर कर्ज 35,000 हवं. तिथे 37,999 दिसले तर 2,999 ची वाढीव वॉरंटी किंवा विमा आत बसवलाय. काउंटरवरच काढायला लावा. केएफएसमध्ये नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

"नो कॉस्टला जादा काही नाही"

क्रेडिट कार्डावर 30,000 चा मोबाइल, 5,000 चे 6 हप्ते. वार्षिक 15 टक्के दर धरला तर बँक कर्ज दाखवते सुमारे 28,730 चं, उरलेले 1,270 व्याज. तेवढीच सूट किमतीत दिलेली असते, म्हणून बेरीज जुळते. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 229 रुपये, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी 199 असेल तर जीएसटीसह 235. झाले 460 च्या वर. शिवाय रोखीवर दुकानदार जे कमी करतो, ते गेलंच. व्याज असलेला ईएमआय बिनव्याजी म्हणून खपवू नये आणि मुद्दल, व्याज, सूट वेगवेगळी दाखवावी, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच कार्ड कंपन्यांना बजावलंय.

कर्ज देणाऱ्याने 30 दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms या तक्रार पोर्टलवर फुकट दाद मागता येते. चौकशीसाठी 14448. कर्ज फिटल्यावर 'नो ड्यूज' पत्र घ्या आणि पुढच्या महिना-दोन महिन्यांत क्रेडिट रिपोर्ट तपासा. वर्षाला एक फुकट मिळतो. खातं अजून चालू दिसलं तर दुरुस्तीची तक्रार करा. 30 दिवसांच्या पुढे रेंगाळली तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.