लेफ्टनंट गव्हर्नर हे शोभेचं पद आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरवरचा माझा लेख वाचून तुम्ही वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. एक, मी या पदाला ‘नायब राज्यपाल’ म्हटलं ते चुकीचं आहे. दुसरा, हे पदच मुळात शोभेचं आहे. गव्हर्नरला काही झालं तरच त्याची गरज, तोवर फिती कापायच्या. मग त्यावर एवढं लिहायचं कशाला?

पहिला आक्षेप मान्य. नायब राज्यपाल म्हटलं की मराठी वाचकाला दिल्ली आठवते, पुदुच्चेरी आठवते, केंद्राने नेमलेला माणूस आठवतो. गोव्यात तर ३० मे १९८७ ला राज्य होईपर्यंत नायब राज्यपालच होते; शेवटचे नायब राज्यपाल गोपाल सिंग हेच नव्या राज्याचे पहिले राज्यपाल झाले. टेक्सासच्या लेफ्टनंट गव्हर्नरला कुणी नेमत नाही, तो सगळ्या राज्याच्या मतांवर निवडून येतो. लेखात सगळीकडे दुरुस्ती केली आहे.

शब्द मात्र दोन्हीकडे इंग्रजांच्याच कारभारातून आला. जालियनवाला बागेच्या वेळचा मायकेल ओडवायर पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. त्याच्या दीडशे वर्षं आधी, ऑगस्ट १७६५ मध्ये, बोस्टनच्या जमावाने स्टॅम्प कायद्याच्या, म्हणजे इंग्रजांनी कागदपत्रांवर लावलेल्या कराच्या रागात थॉमस हचिन्सन यांचं घर फोडून लुटलं, ते मॅसॅच्युसेट्सचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. स्वातंत्र्यानंतर अमेरिकनांनी नाव ठेवलं आणि नेमणूक काढून टाकली. न्यूयॉर्कने १७७७ च्या संविधानात या पदावरच्या माणसाला सिनेटचा, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष केलं. पुढे देशाचा उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचा अध्यक्ष कशाला हवा, असा प्रश्न आला तेव्हा देशाच्या नव्या संविधानाची बाजू मांडणाऱ्या अलेक्झांडर हॅमिल्टनने आपल्या न्यूयॉर्कच्या याच पदाचा दाखला दिला.

आता दुसरा आक्षेप. काही राज्यांपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. मेरीलँडने १८६४ मध्ये हे पद निर्माण केलं, तीनच वर्षांत रद्द केलं आणि १९७० मध्ये परत आणलं. तिथे गव्हर्नर सोपवेल तेच काम. हैदराबादेत जन्मलेल्या अरुणा मिलर जानेवारी २०२३ मध्ये तिथे लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या, तेव्हा आपल्याकडच्या ग्रुपांवर खूप आनंद झाला होता. तुमचं मत बहुधा तिथलं चित्र पाहून झालं असावं. टेक्सासला ते लागू पडत नाही.

टेक्सासमध्ये गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर वेगवेगळे निवडून येतात, जोडीने नाही. १९९४ मध्ये मतदारांनी गव्हर्नर म्हणून रिपब्लिकन जॉर्ज बुश निवडले आणि लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट बॉब बुलक. त्यामुळे हा गव्हर्नरचा मदतनीस नव्हेच. त्याची खरी जागा सिनेटच्या व्यासपीठावर असते. पगार आमदारांइतकाच, महिना ६०० डॉलर. पण कुठल्या समितीत कोण, तिचा अध्यक्ष कोण, कुठलं विधेयक कुठल्या समितीकडे जाणार, हे तो ठरवतो. राज्याच्या अंदाजपत्रकाचा आराखडा करणाऱ्या मंडळाचं अध्यक्षपद तो प्रतिनिधीगृहाच्या सभापतींबरोबर सांभाळतो. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवसांचं. एवढ्या कमी वेळात एखादं विधेयक चुकीच्या समितीत पडून राहिलं, तर ते तिथेच संपतं.

मी एकदा टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, कॅपिटॉल या विधिमंडळाच्या इमारतीत सिनेटच्या गॅलरीत बसून कामकाज पाहिलं आहे. खाली अक्रोडाच्या लाकडाची जुनी टेबलं, १८८८ च्या सुमाराला घेतलेली. एक सदस्य उभे राहिले आणि उभेच राहिले. व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं जाईपर्यंत त्यांना तोंड उघडता येईना. मी घड्याळात पाहिलं नाही, पण शेजारच्या बाईंनी तेवढ्यात पर्समधून चष्मा काढून पुसून परत ठेवला. तेव्हा मला या पदाचं वजन कळलं.

आणि ते वजन येतं कुठून, हे मला मूळ लेखात नीट सांगता आलं नव्हतं. १८७६ चं संविधान त्याला सिनेटचा अध्यक्ष म्हणतं आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतं. समित्यांचे अधिकार मात्र सिनेटच्या स्वतःच्या नियमांतून येतात, आणि ते नियम प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला ३१ सदस्य साध्या बहुमताने मंजूर करतात. म्हणजे ही सत्ता सदस्यांनी दिलेली आहे. उद्या त्यांनी ठरवलं तर ती काढून घेता येईल.

यातला एक नियम तर फार महत्त्वाचा: विधेयकं यादीतल्या क्रमानेच घ्यायची. कुणालाही मंजूर करायचं नसलेलं एक निरुपद्रवी विधेयक यादीत सगळ्यात वर ठेवून देतात. मग त्याला ओलांडून दुसरं काही घ्यायचं तर जादा मतं लागतात. पूर्वी दोन तृतीयांश, म्हणजे २१ सदस्य हवे असत, त्यामुळे ११ जण अडून बसले तरी विधेयक थांबे. २०१५ मध्ये ही अट १९ वर आली. २०२० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांच्या जागा १९ वरून १८ झाल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये अट १८ वर आली. मला हे योग्य वाटत नाही. आपल्या जागा मोजून अट ठरवायची, तर अल्पमताला संरक्षण उरत नाही. डेमोक्रॅटांनी असं केलं असतं तरीही माझं हेच म्हणणं राहिलं असतं.

डेमोक्रॅटांनीही असा प्रयत्न केलाच होता. मे १९७९ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर बिल हॉबी यांनी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या तारखेचं विधेयक या अटीला वळसा घालून आणायचं ठरवलं. त्यांच्याच पक्षाचे १२ सदस्य नाहीसे झाले आणि गणपूर्ती मोडली. हॉबींनी त्यांच्या शोधात पोलीस धाडले, पण पोलिसांनी ह्यूस्टनमध्ये सिनेटर जीन जोन्स समजून त्यांच्या भावालाच धरलं. बाकीचे बरेचजण ऑस्टिनमध्येच एका गॅरेजवरच्या खोलीत दाटीवाटीने बसले होते. शेवटी हॉबींना माघार घ्यावी लागली. पुढे ते १९९१ पर्यंत, एकूण १८ वर्षं त्या पदावर राहिले.

२५ जून २०१३ ची रात्र तुम्हाला आठवत असेल. डेमोक्रॅट सिनेटर वेंडी डेव्हिस गर्भपातावरच्या निर्बंधांचं विधेयक रोखण्यासाठी सुमारे ११ तास बोलत उभ्या होत्या; विशेष अधिवेशन मध्यरात्री संपणार होतं. बसायचं नाही, टेकायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. त्यांचं भाषण नियमबाह्य ठरवून थांबवलं ते व्यासपीठावरच्या लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांनी. गॅलरीतून एवढा आरडाओरडा झाला की मतदान मध्यरात्रीपूर्वी पुरं होऊ शकलं नाही. विधेयक वेळेत मंजूर झालेलं नाही, हेही पहाटे तीननंतर त्यांनाच जाहीर करावं लागलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या विशेष अधिवेशनात ते मंजूर झालं, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणता, फिती कापणारा माणूस. त्या रात्री सगळं राज्य त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

विषम वर्षाच्या जानेवारीत, दुसऱ्या मंगळवारी अधिवेशन सुरू होतं आणि त्यानंतर लवकरच नियमांवर मतदान होतं. सिनेटच्या संकेतस्थळावर ते थेट दिसतं. पुढच्या वेळी मी पाहणार आहे. तुम्हीही पाहा, आणि तरीही तुमचं मत कायम राहिलं तर इथे जरूर लिहा.