आयुष्यभराचं डोमेन कुठे मिळत नाही, मामा

सकाळी पावणेसातला मामाचा मेसेज. वर गुलाबाचं फूल, खाली 'लघुउद्योजक बंधूंनो, जागे व्हा!' आणि त्याखाली मामाचा स्वतःचा प्रश्न: "४,९९९ भरून टाकू का?" मामाचं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवाल्यांना पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करून देण्याचं छोटं वर्कशॉप आहे. लाकडाच्या पॅटर्नमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक त्याला चालत नाही, पण फॉरवर्डमधलं काहीही चालतं. दुपारपर्यंत तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहिते.

मेसेजात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नेटवरचा पत्ता (अमुकतमुक डॉट कॉम), एकदा घेतलं की आयुष्यभर आपलं. ते वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर ठेवावं, म्हणजे आपल्याला कटकट नाही. धंदा भारतात असेल तर कायद्याने डॉट इनच घ्यावं लागतं, डॉट कॉम अमेरिकेचं. जीएसटी नंबर असला की आपल्या नावाचं डोमेन दुसऱ्याला मिळूच शकत नाही. आणि नाव शिल्लक आहे का ते नेटवर बघू नका, बघितलं की चोरीला जातं. शेवटी अर्थात '४,९९९ मध्ये लाइफटाइम डोमेन' आणि एक मोबाइल नंबर.

आधी लाइफटाइम. डोमेनचा सातबारा नसतो, भाडेपावती असते. जगभरच्या डोमेनव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार डॉट कॉमसारखं डोमेन एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं. तेवढंच. जो आयुष्यभराचं विकतो तो फार तर एवढं म्हणतोय, की पुढचं भाडं दरवर्षी मी भरेन. म्हणजे त्याचं दुकान चालेल तोवर, आणि त्याला आठवण राहील तोवर. कुणाच्या आयुष्यभर, हे मेसेजात लिहिलेलं नाही.

डॉट इनचा मुद्दा दोन ओळींत संपतो. असा कायदा नाही. डॉट कॉम चालवणारी व्हेरिसाइन कंपनी अमेरिकन आहे हे खरं, पण ते नाव जगात कुणीही घेऊ शकतं. डॉट इन आपल्याकडची निक्सी ही संस्था चालवते, आणि तेही २००५ पासून सगळ्यांना खुलं आहे. देवनागरीत हवं असेल तर २०१४ पासून डॉट भारतसुद्धा आहे, ज्याची मेसेज लिहिणाऱ्या देशभक्ताला खबर नसावी.

जीएसटीचंही तसंच. डोमेन देताना कुणी तुमचा जीएसटी नंबर पडताळून नाव राखून ठेवत नाही. जो आधी येईल त्याला मिळतं. कंपनीची नोंदणी, ट्रेडमार्क आणि डोमेन या तीन वेगळ्या खिडक्या आहेत. मुद्दाम आपल्यासारखं नाव कुणी घेतलं तर दाद मागता येते. 'सिफी'वाल्या सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीने 'सिफीनेट' हे डोमेन घेतलं होतं, दुसऱ्या कंपनीने एक एफ वाढवून 'सिफ्फीनेट' घेतलं. खालच्या कोर्टाने मनाई दिली, हायकोर्टाने ती उठवली, आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सत्यमच्या बाजूने निकाल देताना सांगितलं की डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं. एका एफसाठी दिल्लीपर्यंत जाण्याची तयारी असेल तर निवांत बसा. नाहीतर नाव आजच घ्या.

शोधलं की चोरीला जातं, यात मात्र थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. २००८ च्या जानेवारीत नेटवर्क सोल्युशन्स ही डोमेन विकणारी अमेरिकन कंपनी लोकांनी शोधलेली नावं स्वतःच काही दिवस अडवून ठेवताना सापडली होती. तेव्हा नाव पाच दिवसांत परत केलं की पैसे माघारी मिळायचे, त्याचा तो फायदा. पुढे आयकॅनने अशा परतफेडीवर मर्यादा आणली. म्हणून आज शोधायचंच नाही, हे विहिरीत एकदा कुणी पडला म्हणून पाणीच न भरण्यासारखं झालं. चांगल्या ठिकाणी शोधा आणि आवडलं तर त्याच बैठकीत घ्या.

आता तो दुसरा दावा, डोमेन वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर ठेवण्याचा, ज्यामुळे मी खरी चिडलेय. मामाला फोन केला.

"मामा, आत्ताच्या डोमेनचं लॉगिन कुणाकडे आहे?"

"त्या पोराकडं. त्यानंच केलं की सगळं."

"पोरगा कुठाय?"

"दुबईला गेला न्हवं, मार्चात."

मामाने फाइल उघडून बिल वाचून दाखवलं. 'वेबसाइट पॅकेज, पूर्ण' एवढीच ओळ. डोमेनचा उल्लेखही नाही. नोंदणी पोराच्या नावावर, ईमेल पोराचा.

डोमेन ज्याच्या नावावर नोंदलंय तोच त्याचा धारक, पैसे कुणाच्याही खिशातून गेलेले असोत. आयकॅनच्या नियमाने रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीला, मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना धारकाला पाठवाव्याच लागतात, आणि संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. तिन्ही जाणार दुबईला. मुदत उलटली की वेबसाइट तर बंद पडतेच, त्या नावावरचा ईमेलही बंद पडतो. चाकणचा खरेदीवाला ड्रॉइंग मेलवर पाठवतो, ते परत जातं, आणि तो दुसऱ्या पॅटर्नवाल्याला फोन लावतो. मुदत संपून रजिस्ट्रारने नाव काढून टाकल्यावरही डॉट कॉम ३० दिवस सोडवून घेता येतं, पण दंड भरून, आणि तेही धारकालाच. त्यानंतर ते बाजारात.

डोमेन घेणं म्हणजे काही यंत्रविद्या नाही. रजिस्ट्रारकडे स्वतःच्या नावाने खातं उघडायचं, स्वतःचा मोबाइल, स्वतःचा ईमेल द्यायचा. ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर कुलूप बंद आणि किल्ली आत. पहिल्या वर्षाच्या स्वस्त भावाला भुलू नका, पुढच्या वर्षीचं भाडं किती ते बघा. साधं डॉट कॉम वर्षाला हजार-दीड हजारात पडतं. वेबसाइट करणाऱ्याला हवं तर फक्त नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कुठल्या वेबसाइटकडे न्यायचं ते सांगणारी नोंद, बदलून द्यायचे. तुमचं डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर त्याला डोमेनवरचं ट्रान्सफरचं कुलूप काढायला सांगा आणि दुसऱ्या खात्यात नेण्यासाठी लागणारा ट्रान्सफरचा कोड मागून घ्या, संबंध चांगले आहेत तोवर.

४,९९९ वाचले. पोराला काल रात्री मामाच्या फोनवरून मीच मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. डोमेनची मुदत दिवाळीच्या आधी संपतेय.