दुरुस्तीला पाठवायचंय, विकायला नाही!

अमेरिकेतला कायदा या बाबतीत अगदी सरळ आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार साध्या नागरिकाला स्वतःचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारक गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, किंवा कारखान्याकडे थेट पाठवता येतं. मध्ये कुणी लागत नाही. काम झालं की तो कारागीर ते थेट माझ्या घरच्या पत्त्यावर परत पाठवू शकतो. एटीएफ, म्हणजे हा सगळा कारभार बघणारं केंद्रीय खातं, स्वतः हेच सांगतं. मग मला एवढंच सांगा की पाठवायचं कुणाच्या हाती? पार्सल घेणारा माणूसच या देशात शिल्लक ठेवलेला नाही. डोकं नुसतं फिरलंय माझं.

माझ्याकडे एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे. इथे ओहायोत आमच्या गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर मी ते वापरतो. त्याचं टायमिंग गेलं. म्हणजे ट्रिगर ओढल्यावर गोळ्या भरलेला सिलिंडर फिरतो, पण गोळीचं घर नळीच्या बरोब्बर समोर येऊन थांबत नाही, किंचित अलीकडेच राहतं. गोळी नळीत शिरताना कडेला घासते आणि शिशाचे कपचे बाजूला उडतात. शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या गालाला असा कपचा लागला तर? मी त्याच दिवशी ते वापरणं बंद केलं. आता हे काम जो तो करू शकत नाही. आतली जी पट्टी सिलिंडरला ढकलते ती हाताने बसवावी लागते, कानसीचा एक घास जास्त गेला की संपलं. जुन्या मॉडेलांवर हात बसलेले कारागीर मोजकेच उरलेत, आणि मला जो मिळाला तो तीन राज्यं ओलांडून पलीकडे. म्हणाला, पाठवा, बघतो. पाठवा म्हणायला त्याचं काय जातंय!

आधी पोस्टाचं सांगतो. १९२७ साली संसदेने कायदा केला की खिशात लपवता येईल असं हत्यार सामान्य माणसाने टपालाने पाठवायचं नाही. पाठवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा लोक कॅटलॉग बघून टपालाने पिस्तुलं मागवत, ते बंद करायचं होतं. ठीक. पण घरबसल्या परराज्यातून बंदूक मागवायची सोय १९६८ च्या कायद्याने तशीही बंद केली. जुनं कलम मात्र तिथेच बसलंय आणि अडवतंय कुणाला? दुरुस्तीला पाठवणाऱ्याला! बरं, रायफल चालते. शॉटगन चालते. हातभर लांब नळीची रायफल मी त्याच कारागिराकडे त्याच पोस्टाने रीतसर पाठवू शकतो. रिव्हॉल्व्हर नाही. खोक्यात बंद, रिकामं, चालत नसलेलं हत्यार टपालाच्या गाडीत कुणाच्या खिशात लपणार आहे?

पोस्ट नाही तर खासगी कुरिअर. पूर्वी यूपीएस आणि फेडेक्स या दोन्ही मोठ्या कंपन्या साध्या माणसाकडूनही पिस्तूल घेत असत, फक्त सगळ्यात महागडी ओव्हरनाइट सेवा घ्यावी लागे. महाग, पण रस्ता होता. काही वर्षांपूर्वी तोही बुजवला. आता ज्याच्याकडे बंदुकीचा धंदा करायचा परवाना आहे आणि ज्याने कंपनीशी आगाऊ करार केलाय, त्याच्याकडूनच घेतात. कायद्याने मला दिलेली मुभा एका कंपनीने आपल्या नियमावलीत बसून काढून घेतली, आणि दुसरीनेही तेच केलं! टपालाची वाट कायद्याने बंद, खासगी वाट कंपन्यांनी बंद, आणि वर सगळे सांगणार की तुम्हाला परवानगी आहे हो.

काउंटरवरचा अनुभव तर विचारू नका. एकाने बोट हलवून सांगितलं की हे बेकायदेशीर आहे. नाही, बेकायदेशीर नाही! तुमच्या कंपनीला नको आहे असं म्हणा, मी ऐकून घेईन. मला गुन्हेगार का ठरवता? दुसऱ्या ठिकाणची बाई म्हणाली, खोक्यावर बाहेरून ठळक लिहा की आत बंदूक आहे. त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वाहतूक कंपनीने बाहेरून असं लेबल लावायला सांगायचं नाही, कारण ते चोरांना आमंत्रण आहे. हे मी तिला सांगायचं? आणि मग रांगेत मागे उभा असलेला एक जण हळूच म्हणतो, अहो, मशीनचे सुटे भाग म्हणून लिहा आणि द्या पाठवून, कोण बघतंय. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. खोटं लिहिणाऱ्याचं पार्सल सुखरूप पोचतं आणि खरं सांगणाऱ्याला दारातून परत पाठवतात. असे नियम नेमके कुणाला शिक्षा करतात?

कारखाना स्वतःहून बोलावतो तेव्हा मात्र सगळं जमतं, हेही लक्षात घ्या. २००८ मध्ये रुगरने एलसीपी हे छोटं पिस्तूल परत बोलावलं. २०१७ मध्ये सिग साउअरने पी ३२० फुकट सुधारून द्यायची योजना काढली. दोन्ही वेळेला मुद्दा हाच होता की पिस्तूल हातातून पडलं तर गोळी सुटण्याची भीती. लोकांनी पिस्तुलं कारखान्यांकडे पाठवलीच ना? कंपनीचा कुरिअरशी करार असला की तिचं लेबल येतं आणि तेच पार्सल तोच कुरिअरवाला उचलतो. म्हणजे अडचण सुरक्षेची नाहीच. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एकट्या गनस्मिथकडे तसा करार नसतो, एवढंच. ज्याची कंपनी जुन्या मॉडेलला हात लावत नाही, त्याने जायचं कुठे?

कुणी म्हणेल बिघडलेला भाग तेवढा पाठव. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, किंवा नळी सुटी करून साध्या टपालाने पाठवता येते हे खरं, कारण कायद्याच्या लेखी सिरियल नंबर असलेली फ्रेम, म्हणजे मूळ सांगाडा, हीच बंदूक. पण टायमिंग बसवायला फ्रेम, सिलिंडर, ट्रिगर सगळंच एकत्र हातात लागतं. आणि हे बघा, तेच रिव्हॉल्व्हर रिकामं करून, कुलूप लावलेल्या टणक पेटीत ठेवून, विमानतळाच्या काउंटरवर रीतसर सांगून मी सामानात घालून घेऊन जाऊ शकतो. दीडशे प्रवाशांच्या पायाखाली चालतं, कुरिअरच्या गाडीत चालत नाही! म्हणजे एका पट्टीच्या कामासाठी मी विमानाचं तिकीट काढायचं, हॉटेलात राहायचं, आणि काम झाल्यावर परत जाऊन आणायचं.

शेवटी उरतो गावातला परवानाधारक बंदूकविक्रेता, म्हणजे डीलर. त्यालाही हे नकोच असतं, आणि मी त्याला दोष देत नाही. दुसऱ्याचं हत्यार रात्रभर दुकानात राहिलं की त्याच्या नोंदवहीत चढवायला लागतं, उद्या एटीएफची तपासणी आली की त्या ओळीचा जाब त्यालाच. बरेच जण सरळ नाही म्हणाले. एक तयार झाला, त्याची फी घेऊन, पाठवणावळ वेगळी. आणि त्याने ते कसं पाठवलं ठाऊक आहे? पोस्टाने! परवानाधारकाला चालतं, १५०८ नंबरचा एक फॉर्म भरून दिला की झालं. ज्या खिडकीवर मला दोन वर्षांच्या कैदेची भीती, त्याच खिडकीवर तेच खोकं, तोच पत्ता, तेच रिव्हॉल्व्हर. येताना परत डीलरमार्फत, परत फी. दुरुस्ती होऊन परत आलेल्या हत्याराला, मालक तोच असेल तर, खरेदीचा फॉर्म भरायची गरज नसते. तरी तिथला पोरगा फॉर्म पुढे सरकवून मोकळा. मी कलम दाखवलं तेव्हा मालकाला आतून बोलवावं लागलं.

बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर आपल्या मराठी मंडळींत भरपूर मतं आहेत. साताऱ्याच्या माझ्या आत्याला तर मी हे असलं काही घरात ठेवतो हेच पटत नाही, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण मत काहीही असो, घरात आहे ते हत्यार नादुरुस्त असावं असं कुणाला वाटतं का? पडलं तर सुटणारं, शिशाचे कपचे उडवणारं, सेफ्टी नीट न बसणारं. नियम इतके जाचक केले की लोक कंटाळून ते तसंच ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि एक दिवस कुणीतरी ते तसंच उचलून रेंजवर आणतं. माझ्या शेजारच्या लेनमध्ये! यात नेमकी कुणाची सुरक्षा झाली ते मला या कंपन्यांनी एकदा तोंडावर सांगावं.

मी काही फुकट मागत नाही. माझं ओळखपत्र बघा. गनस्मिथचा परवाना क्रमांक तपासून घ्या. ओव्हरनाइटचे पैसे लावा, विमा लावा, पलीकडे सही घेतल्याशिवाय खोकं देऊ नका. पूर्वी घेत होतात, कारखान्याचं लेबल असलं की आजही घेता. मग माझ्याकडूनही घ्या.