नेटवरचं कधीच पुसलं जात नाही म्हणे!

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. ‘कागद कुजतो, नेटवरचं कधीच पुसलं जात नाही. सगळं गूगलकडे जपलेलं आहे. जुनी मासिकं रद्दीत द्या, वाचनालयांवर खर्च कशाला?’ खाली अंगठ्यांची रांग. मी गेले काही महिने रात्री जेवणं उरकली की यूझनेटच्या, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरच्या जुन्या चर्चाफलकांच्या, चर्चा उकरत बसतो, त्यामुळे गप्प राहवेना.

‘कधीच पुसलं जात नाही’ हे आधी घेऊ. यूझनेट १९८० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून सुरू झालं, वेबच्या दहाएक वर्षं आधी. तिथला मजकूर पुसला जायचा हाच नियम होता. डिस्क महाग, त्यामुळे थोडे दिवस झाले की सर्व्हर जुनं उडवून नव्याला जागा करत. आज १९८१ ते १९९१ या काळातलं जे वाचता येतं, त्यातलं बहुतेक हेन्री स्पेन्सर यांनी चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवलं म्हणून. हे गृहस्थ टोरांटो विद्यापीठात कामाला होते, आणि विभाग कोणता, तर प्राणिशास्त्र! १४१ टेपा, वीस लाखांवर संदेश. आवराआवरीत कुणी त्या भंगारात काढल्या असत्या, तर ते दशक गेलंच होतं. हसरा चेहरा म्हणून आपण टाकतो ती दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस. स्कॉट फालमन यांनी ती कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या चर्चाफलकावर सुचवली १९ सप्टेंबर १९८२ रोजी. तो मूळ संदेश मात्र सापडला २००२ मध्ये, जुन्या बॅकअप टेपा धुंडाळल्यावर.

आता गूगल. त्यांनी २००१ मध्ये यूझनेटचे संदेश साठवणाऱ्या डेजा कंपनीचा साठा घेतला, त्यात स्पेन्सर यांच्या टेपांची भर पडली आणि वीस वर्षांचे सत्तर कोटी संदेश लोकांना खुले झाले. हे उपकारच. पण फेब्रुवारी २०२४ पासून यूझनेटचं नवं काही ते घेत नाहीत, आणि त्यांचंच ऑर्कुट हे फेसबुकसारखं संकेतस्थळ २०१४ मध्ये बंद झालं. याहू ग्रुप्सही २०२० मध्ये मिटले. दुकान त्यांचं, शटर कधी ओढायचं तेही त्यांनीच ठरवायचं.

बरं, जे आहे तेही हाताला लागलं पाहिजे ना. आपल्या नाशिकचं नाव तेव्हा इंग्रजीत बरेचदा एच न घालता लिहीत. आजचं स्पेलिंग टाकून शोधलंत तर ते संदेश समोर येतच नाहीत. मराठीही रोमन लिपीत, ज्याला जसं सुचेल तशी.

वाचनालयांचं म्हणाल, तर आपलं ‘सावाना’, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० चं आहे. जपणं हेच तिथलं काम आहे. टोरांटोत ते एका माणसाच्या हौसेवर चाललं. माझ्याकडे १९९८ च्या सहा फ्लॉप्या आहेत, माझ्याच लेखांच्या. एम. जी. रोडवर घेऊन गेलो, तर दुकानदाराने आतून पोराला हाक मारली, ‘बघ, ही असायची.’ ड्राइव्ह त्याच्याकडेही नव्हता. त्यातला एक लेख मासिकात छापून आला होता, तेवढा माझ्याकडे शाबूत आहे.

तेव्हा मंडळी, मासिकं रद्दीत काढायचीच असतील तर आधी मला फोन करा. स्कूटर घेऊन येतो.