पलंगावरचं नवं हृदय

नागपुरात दान केलेलं हृदय नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर (अँब्युलन्सला मोकळा रस्ता) झाला की घरच्या ग्रुपवरून बातमी मला मँचेस्टरला सकाळच्या चहाआधी मिळते. वर्धा रोडवरून अँब्युलन्स किती मिनिटांत विमानतळावर गेली, हे सगळ्यांना पाठ. अवयवदानावर वादही दणक्यात होतात. ज्याच्या छातीत ते हृदय बसतं तो पुढे काय करतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमचा दादा पलंगावर बसतो. दुसऱ्या शहरात प्रत्यारोपण करून लक्ष्मीनगरला परतल्याला चार महिने झाले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची दीड पान यादी आणि व्यायामाचे दोनच शब्द : ‘हलका व्यायाम’. परवा व्हिडिओ कॉलवर वहिनींनी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून दाखवला. नाडी 104, तीही नुसतं बसून. “यांना चालायला पाठवू तरी कशी?” मागून शेजारचे काका : “आराम करू दे बे त्याले.”

वहिनींची भीती खोटी नाही, पण 104 त्याच्यासाठी नेहमीचंच. हृदय काढताना त्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसा कापल्या जातात. वेग आवरणारी नसही तुटते, म्हणून विश्रांतीतही नाडी 90 ते 110 राहते. चालू लागलं तरी हृदयाला निरोप रक्तातल्या ॲड्रेनलिनकडून मिळतो, त्यात काही मिनिटं जातात. थांबल्यावर वेग उतरतोही सावकाश. म्हणून सुरुवात रमतगमत करायची, शेवटही तसाच. त्रास झाला तरी, नसा कापलेल्या असल्यानं, छातीत कळ येईलच असं नाही. नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर डॉक्टरांना फोन.

हे मी शिकलो ते इथल्या, मँचेस्टरच्या शेजाऱ्यामुळे. त्यालाही नवं हृदय बसलंय, आणि पुनर्वसनाच्या वर्गाला गाडीनं सोडायचं काम माझ्याकडे होतं. तिथं भिंतीवर 6 (अजिबात दमलो नाही) ते 20 (पार दमलो) आकड्यांचा कागद. फिजिओ नाडी बघत नाही, विचारते, किती दमलात? उत्तर 11 ते 13 मध्ये आलं की खूश. बरेचसे व्यायाम खुर्चीतून उठायचे-बसायचे. हसू येतं, पण आजारपणानं आणि स्टेरॉइडनं मांड्या पार गेलेल्या असतात. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 27 रुग्ण होते. सहा महिन्यांत देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांची शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता 49 टक्क्यांनी वाढली. घरी फक्त सूचना घेऊन गेलेल्यांची 18.

इकडे सगळं गोड आहे असंही नाही. वर्ग काही आठवड्यांत संपला, आता शेजारी पावसात एकटाच फिरतो. नागपुरात सोबतीची कमी नाही, कमी आहे ती नस तुटलेलं हृदय समजणाऱ्या फिजिओची. शस्त्रक्रियेला लाखो रुपये लागतात, त्यात सहा महिन्यांचा फिजिओ का मावत नाही? ही मागणी कॉरिडॉरच्या टाळ्यांइतक्याच जोरात व्हायला हवी. (संत्री खा म्हणावं, पण पपनस नको. त्यानं टॅक्रोलिमसचं, म्हणजे शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाचं, रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.)

दादाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी परवानगी दिली. उन्हामुळे पहाटे साडेपाचला, मास्क लावून, मित्राबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत. रविवारी मी विचारलं, “किती?”

“तेरा. आता चहा पिऊ दे बे.”

मागे फाटकात वहिनी उभ्या होत्या. हातात ऑक्सिमीटर होताच.